मावठ्यातली शर्यत

माझा भाऊ मोटरसायकलच्या शर्यतीत उतरतो, हे सुरतेतल्या गोडादऱ्याच्या आमच्या सगळ्या गल्लीला माहीत होतं. मला सर्वांत शेवटी कळलं. कळलं त्या दिवशी मी त्याला लाटण्यानं मारलं. तो तेव्हा चांगला मिशीवाला, खात्यात, म्हणजे कापडाच्या कारखान्यात, आपल्या वाट्याचे माग सांभाळणारा गडी होता, आणि तरी त्यानं हसत हसत पाठ पुढे केली, कारण मला त्याच्या तोंडावर मारणं जमणार नाही हे त्याला ठाऊक होतं. राग माझ्या नाकावरच असतो. आई म्हणायची, ही पोटात होती तेव्हा मी लोकांच्या शेतात मिरच्या फार खुडल्या, त्याचा हा परिणाम.

पण त्या रागाला कारण होतं, आणि ते कारण म्हणजे त्याचा उजवा हात. आमचे वडील धुळ्याकडून सुरतेला मागावर आले. एका पावसाळ्यात त्यांचा उजवा हात मशीनच्या पट्ट्यात गेला. ते गावी परतले ते कायमचे, आणि पुढे सदऱ्याची गुंडीसुद्धा आई लावून द्यायची. भावाला मी माझ्या संसारात आणलं, माझ्या नवऱ्यानं त्याला खात्यात चिकटवलं. मागावर तुटलेल्या धाग्याची गाठ डोळ्याचं पातं लवायच्या आत मारावी लागते. तो ती इतकी बारीक मारायचा की कापडात बोट फिरवून सापडत नसे. असा हात घेऊन हा गाढव मोटरसायकली उडवत फिरत होता.

प्लेगच्या भीतीनं रिकामी झालेली सुरत पुन्हा भरली, त्याच्या पुढच्या हिवाळ्यातली ही गोष्ट. पर्वत पाटियाच्या नाक्यावरून चलथाण गावाकडे जाताना ऊस तुटून गेलेलं एक मोठं शेत होतं. कुणा आयोजकानं तिथे बुलडोझर फिरवून मातीचे उंचवटे केले, वळणं आखली, बांबूचे कठडे लावले आणि गावभर पोस्टरं चिकटवली. शनिवारी सराव, रविवारी शर्यत. शनिवारी दुपारी मी भावाचा डबा घेऊन तिथे गेले. डबा निमित्त होतं. त्याला कानाला धरून घरी आणायचं, हे मी रिक्षातच ठरवलं होतं.

मी पोचले आणि आभाळ फाटलं. सुरतेत हिवाळ्यातल्या अशा पावसाला मावठं म्हणतात. साधं मावठं झिमझिम येतं, ज्वारीचा हुरडा काळा करतं आणि जातं. हे तसलं नव्हतं. आधी वारा आला, तो धूळ आणि उसाचं पाचट उडवत आला आणि थेट मंडपात घुसला. रंगीत कापडाचा तो प्रचंड मंडप एकदा फुगला, खांबांसकट उचलला गेला आणि माणसांवर पडला. एक बांबू माझ्यासमोर एका माणसाच्या डोक्यावर असा बसला की तो आवाज न करता खाली बसला आणि त्याच्या कानातून रक्त यायला लागलं. मग पाऊस. गारा होत्या की खडे, कळत नव्हतं. पत्रे उडत होते. लोक एकमेकांना तुडवत ट्रकांच्या खाली शिरत होते. मीही शिरले. तिथेच भाऊ सापडला, तोंडभर चिखल आणि दात काढून हसत.

सरावाची एक फेरीही कुणाची झाली नाही. कोणतं वळण कसं आहे, कुठे घसरायला होतं, हे एकाही गड्याला माहीत नव्हतं, आणि दुसऱ्या दिवशी त्याच रस्त्यावर शर्यत होती. रस्ता तरी कुठे उरला होता? काळी माती. ती भिजली की चप्पल धरून ठेवते, बैलाचा खूर धरते, बैलगाडीचं चाक धरते. गावाकडचा कुणीही शहाणा म्हणाला असता, वापसा येऊ द्या, माती सुकू द्या, मग चाक घाला. पण आमची माणसं गावाकडची असून आता मागावरची झाली होती. त्यांना मातीपेक्षा धाग्यावर जास्त भरवसा.

संध्याकाळी भावाच्या खात्यातले मास्तर आमच्या खोलीत आले. मास्तर म्हणजे बिघडलेले माग दुरुस्त करणारा माणूस, भावाच्या गाडीचाही तोच डॉक्टर. त्यांनी खांद्यावरून कापडाच्या किनारीच्या पट्ट्यांचं गाठोडं आणलं होतं. कापडाच्या कडेला जी जाड पट्टी कापून टाकतात, ती. पट्ट्यांना पीळ देऊन त्या मागच्या चाकाला आडव्या गुंडाळायच्या, म्हणजे चाक चिखलात घसरणार नाही, असा त्यांचा बेत. सगळी गल्ली दारात उभी राहून वा वा करत होती. ट्रकवाले चाकाला साखळी बांधतात, आपण किनार बांधू. पॉलिस्टर आहे, तुटायचं नाव नाही.

“आणि सुटली तर?” मी विचारलं.

“ताई, मन्ही मारेल गाठ सुटनी व्हई असं कधी ऐकं का?” मास्तर म्हणाले.

ते खरं होतं. त्यांनी खात्यातली गाठ मारली होती. ती ओढलं की आणखी आवळते, सुटत नाही, आणि पॉलिस्टर तुटत नाही. शेतातल्या माणसानं सुंभ बांधला असता, तो कुठे अडकला असता तर तुटून पडला असता. आमच्या लोकांनी न तुटणारी वस्तू न सुटणाऱ्या गाठीनं फिरत्या चाकाला बांधली आणि वर चहा प्याले.

रविवारी सकाळी पाऊस थांबून थांबून येत होता. मी भावाबरोबर गेले. घरी बसून वाट बघण्याचं धैर्य माझ्यात नाही. शर्यतीतले सगळे गडी रस्ता बघायला चालत गेले आणि गुडघाभर माखून परत आले. एकजण म्हणाला, इथे म्हशीसुद्धा उतरणार नाहीत. त्यांनी आपसात ठरवलं, आज कुणीच गाडी काढायची नाही, पुढच्या रविवारी बघू. भाऊ हेल्मेट मांडीवर घेऊन बसला होता. माझ्याकडे न बघताच म्हणाला, “ताई, चाल घर.”

मला इतका आनंद झाला की मी त्याच्या पाठीत बुक्की मारली. आयुष्यात पहिल्यांदा त्याला अक्कल आली होती.

पण तोवर लोक आले होते. टेम्पोंतून, सायकलींवरून, उसाच्या रिकाम्या ट्रॉल्यांतून. खात्यांना सुट्टी, दोन दिवसांचा पाऊस, अंगावर ओले कपडे आणि बघायला काहीच नाही. आयोजक माइकवरून सांगत होता, थोडा वेळ थांबा, थोडा वेळ थांबा. खरं सांगायची त्याची हिंमत होत नव्हती. शेवटी त्यानं एकदाचं सांगितलं की शर्यत आज होणार नाही. त्याचं वाक्य पुरं व्हायच्या आत चिखलाचा एक गोळा माइकवर आदळला. त्या गोळ्यात दगड होता.

“रेस चालु करो, नहीं तो बधुं बाळी नाखीशुं!” कुणीतरी ओरडला. सगळं जाळून टाकण्याच्या त्या धमकीवर हजारो तोंडं ओरडली. खुर्च्या उडाल्या. लोखंडी खुर्च्या, हवेत गरगरत. उरलेला मंडप त्यांनी ओढून पाडला आणि बांबू उपसून हातात घेतले. चार पोलीस होते, ते काठ्या काखेत घेऊन मागे सरकले. एका शर्यतवाल्याची कॉलर धरून त्याला गाडीवर आदळला, त्याचे पुढचे दात माझ्या पायाजवळच्या चिखलात पडले. ज्यांनी आदळला ते आमच्यासारखेच लोक होते. एकजण तर आमच्या शेजारचाच, रोज सकाळी दूध आणायला जाताना दिसायचा. मला त्या दिवशी माणसांची जितकी किळस आली तितकी पुन्हा कधी आली नाही.

आयोजक कपाळावरचं रक्त हातानं दाबत आमच्याकडे पळत आला. “गाडियाँ निकालो भाई, पाँच चक्कर मार दो, नहीं तो ये लोग हम सबको मार डालेंगे.”

मी मध्ये पडले. भावाच्या गाडीपुढे आडवी उभी राहिले आणि त्या आयोजकाला तोंडाला येईल ते बोलले. तेवढ्यात एक बांबू येऊन माझ्या खांद्यावर बसला. कुणी मारला ते दिसलंच नाही. भावानं ते बघितलं. त्यानं हेल्मेट डोक्यात घातलं.

“हात तुटी जाई तुन्हा!” मी किंचाळले.

“नई निंघनू त तुले मारतीन त्या,” तो म्हणाला, आणि किक मारली.

सगळेच निघाले. निघाले म्हणजे काय, पहिल्याच वळणावर निम्मे आडवे झाले. चाकांत माती भरून चाकं अडकत होती, मागच्याच्या तोंडावर पुढच्याचा चिखल असा बसत होता की आंधळ्यांची झुंज चाललेली. एकजण थेट कठडा तोडून लोकांत घुसला, तर लोकांनी त्यालाच बडवला. आणि माझा भाऊ मात्र सरळ चालला होता. मास्तरांच्या पट्ट्या माती धरत होत्या. तो सगळ्यांच्या पुढे गेला. मास्तर माझ्याशेजारी नाचत होते. एक क्षणभर मलाही वाटलं, जिंकतोय की काय हा. ते वाटलं, हे मी नाकारत नाही.

मोठ्या उंचवट्यावरून तो खाली आला आणि मागच्या चाकावरून एक पट्टी सरकून बाहेर लोंबली. गाठ सुटली नव्हती. मला ती लांबून दिसली, मळकी पांढरी. ती साखळीत गेली. चाक जागच्या जागी थांबलं, गाडी उलटली, भाऊ पुढे फेकला गेला आणि गाडी त्याच्यावर आली. इंजिन बंद पडलं नाही. ते आडवं पडून किंचाळत होतं. त्यानं गाडी बाजूला सारायला हात घातला, तर सरकलेल्या पट्टीच्या वेढ्यात तो हात गेला. चाक एक झटका फिरलं, पुन्हा अडकलं आणि इंजिन बंद पडलं. उजवा हात मनगटापर्यंत चाकाला आवळला गेला होता.

मी कठडा कसा ओलांडला मला आठवत नाही. मागून गाड्या येतच होत्या. एक माझ्या पदराला घासून गेली. मी पोचायच्या आत लोक पोचले होते, तेच लोक. आता त्यांना त्याला वाचवायचं होतं. त्यांनी त्याला कमरेला धरलं आणि “खींचो, खींचो” करत ओढायला लागले. प्रत्येक ओढीला गाठ आवळत होती. भाऊ कुठल्यातरी जनावरासारखा ओरडत होता. त्याची बोटं माझ्यासमोर निळी झाली.

“वढू नका रे! कापा!” मी ओरडले. कोण ऐकतो? मी चप्पल काढली आणि समोर जे तोंड आलं त्यावर मारली. एकानं मला ढकललं, मी त्याच्या दंडाला चावले, तोंडात रक्ताची चव आली तरी सोडला नाही. एकाच्या केसांना धरून त्याला मागे पाडला. मास्तर माझ्या बाजूनं लाथा घालत होते आणि रडत होते. जागा झाली तशी मी चिखलात आडवी पडले. साड्यांचे लोंबणारे धागे कापायचं काम मी घरी करायचे, त्याची चिमट्याएवढी कातर गळ्यातल्या दोरीला अडकवलेली असायची. तिनं मी एकेक वेढा कापत गेले. पॉलिस्टर करकरत होतं. वरून पुन्हा पाऊस सुरू झाला. शेवटचा वेढा मी अर्धा कापला आणि उरलेला दातांनी तोडला.

हात बाहेर आला, पण तो हात वाटत नव्हता. सुजलेला, काळानिळा, मनगटाभोवती खोल खाच, बोटं वाकडी लोंबती. भाऊ त्या हाताकडे, दुसऱ्या कुणाचा असावा तसा, बघत होता. पाठीमागे लोक उरलेली शर्यत बघायला परत कठड्याकडे चालले होते.

मास्तरांनी रिक्षा अडवली. ते पुढे रिक्षावाल्याशेजारी बसले. मी मागे, भावाचा हात माझ्या मांडीवर. पर्वत पाटियाला कापडाचे गठ्ठे लादलेले टेम्पो पाण्यात अडकून सगळा रस्ता बंद. रिक्षावाला हॉर्न वाजवत होता, मास्तर उतरून टेम्पोवाल्यांना शिव्या देत होते.

“बोटं हालव,” मी म्हटलं.

“नई हालतंस.”

“हालव म्हनतस ना मी!”

“ताई, माले हात शे का नई तेच समजत नई.”

माझ्या डोळ्यांपुढे वडील उभे राहिले, सदऱ्याची गुंडी लावून घ्यायला मान वर केलेले. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. मी त्याला मारायला लागले. या वेळी तोंडावर, डोक्यावर, छातीवर, जिथे बसेल तिथे. शर्यतीला, आयोजकाला, त्या दूधवाल्या शेजाऱ्याला, मावठ्याला, सगळ्यांना मारायचं होतं ते त्यालाच मारलं. तो चिखलानं माखलेला, मान खाली घालून मार खात होता. मास्तर “ताई, ताई” करत होते. रिक्षावाला घाबरून आरशात बघत होता. मी पुन्हा हात उगारला, आणि तो थांबवायला त्याचा हात वर आला.

उजवा. माझ्या मांडीवरून उठला आणि माझं मनगट धरलं. पाचही बोटांनी. बांगड्या त्यांच्याखाली रुतल्या. त्याला स्वतःला ते कळलंच नव्हतं, तो डोळे मिटून होता.

“नको मारू ना वं, दुखस,” तो म्हणाला.

“धरी ठेव,” मी म्हटलं, आणि दुसऱ्या हातानं त्याला आणखी एक लगावली.