भाव न सांगणारे लिमये काका

लिमये काकांनी मला फसवलं. ते आज हयात नाहीत म्हणून मी हे दबक्या आवाजात सांगणार नाही. सुरतच्या कापडबाजारात भल्याभल्यांना मला फसवायचं जमलं नाही. जमलं ते एका निवृत्त बँकवाल्याला, तेही माझ्याच घरात बसून, माझाच चहा पिऊन.

पर्वत पाटियाजवळच्या आमच्या बिल्डिंगमध्ये ते माझ्या वरच्या मजल्यावर राहायचे. बायको गेलेली, मुलगी मंजिरी बडोद्याला. उंच, खांद्यात जरा वाकलेले, आणि इतरांच्या खिशाला पेन असतं तसा यांच्या खिशाला स्क्रूड्रायव्हर. बिल्डिंगमध्ये कुणाचाही कंप्युटर अडला की त्यांना हाक जायची. ते यायचे, दुरुस्त करायचे आणि एक पैसा घ्यायचे नाहीत. माझ्या मनात पाल चुकचुकली ती इथेच.

मी जालन्याहून सुरतला आले तेव्हा नवरा लूमवर, म्हणजे यंत्रमागावर, कामाला होता. खांद्यावर साड्यांचं गाठोडं घेऊन मी दारोदार फिरले, आणि आज घरातल्या एका खोलीतून माझा माल गावोगावच्या दुकानांत जातो. भाव ठरवल्याशिवाय मी कुणाकडून सुईसुद्धा घेतलेली नाही. फुकट देणारा माणूस दुसऱ्या कुठल्या तरी दाराने वसुली करतो, एवढं या शहरानं मला पक्कं शिकवलं आहे.

माझा कंप्युटर सकाळी सुरू व्हायला जीव खायचा. सगळ्या साड्यांचे फोटो त्यात. दुकानदाराचा फोन यायचा, "बेन, नवो माल बतावो!" आणि इकडे पडदा काळाच. आतून नुसतं कर्र-टक, कर्र-टक. तो उघडेपर्यंत गिऱ्हाईक दुसरीकडे वळलेलं असायचं. तिसऱ्यांदा असं झालं तेव्हा मी कीबोर्डवर हात आपटला आणि काकांना बोलावलं.

"आधी भाव सांगा," मी दारातच म्हटलं.

"भाव नाही. चहा."

"चहाला दूध-साखर लागते, काका. तोही भावच झाला."

"मग बिनसाखरेचा द्या. तेवढी सूट."

ते हसत नव्हते, म्हणून मला आणखीच संशय आला. मी खुर्ची ओढून त्यांच्या शेजारी बसले. त्यांचं लक्ष पडद्यावर, माझं त्यांच्या बोटांवर. कंप्युटर सुरू होताना आपोआप जागे होणारे प्रोग्राम त्यांनी एकेक करून मला दाखवले.

"हा कोण?"

"भाचीच्या लग्नाचा अल्बम करायला घातला होता."

"भाचीचं लग्न झालं ना?"

"तिला मुलगाही झाला."

"मग याला रोज सकाळी उठवता कशाला? सुरेखाताई, कंप्युटर आळशी नसतो. घरातल्या सगळ्यांना एकदम उठवलं की मोरीपुढे रांग लागते. गरज असेल त्यालाच उठवा, बाकीच्यांना झोपू द्या."

कुठल्याही घरी गेले तरी ते हेच सांगायचे. मोरी, रांग, झोपू द्या. त्या दिवशी फरक पडला खरा, पण थोडासाच.

मग खंडेनवमी आली. आमच्याकडे त्या दिवशी हत्यारांची, यंत्रांची पूजा असते. माझं हत्यार म्हणजे शिलाई मशीन, वजनकाटा आणि कंप्युटर. धूळ काढायला काकांनी त्याचं झाकण उघडलं होतं, तेवढ्यात मी पूजेचं ताट घेऊन आले. "कर्र-टक करतो तो कुठला?" मी विचारलं. त्यांनी आतली डिस्क दाखवली. मी तिच्यावरच कुंकवाचं ओलं बोट उठवलं.

"लोक बाहेरच्या पत्र्याला लावतात," काका म्हणाले.

"राबतो आतला, आणि कुंकू पत्र्याला?"

त्यावर मात्र ते हसले. मग म्हणाले, "पूजा केलीत ते बरंच झालं, पण ही आता थकली. हिच्यात तबकडी फिरते, म्हणून वेळ लागतो. हल्ली न फिरणारी डिस्क मिळते. मी माझ्यात तीच टाकली आहे. बटण दाबलं की उभा! रिंग रोडवर माझ्या ओळखीचा एक आहे, त्याच्याकडे जा."

माझ्या ओळखीचा! सुरतमध्ये गिऱ्हाईक आणून देणाऱ्याला दलाली मिळते, हे इथे शेंबडं पोरही सांगेल. इतके दिवस ज्याची वाट बघत होते ते वसुलीचं दार मला दिसलं. मी डिस्क घेतली नाही. आणि खाली पार्किंगमध्ये भाजीच्या गाडीपाशी मोकळेपणाने बोलले, "फुकट काम करतात म्हणे! लिमये काका दलाली खातात." शेजारच्या हंसाबेन लगेच म्हणाल्या, "मने तो पहेलेथीच लागतुं हतुं." म्हणजे त्यांना म्हणे आधीपासूनच तसं वाटत होतं. दिवाळीपर्यंत काकांना हाका येणं बंद झालं.

दिवाळीनंतर ते स्वतःच खाली आले. "सुरेखाताई, एक शेवटचा उपाय करून बघू? नवीन काही घ्यायचं नाही. फक्त कंप्युटरचा डबा एक दिवस वर नेतो."

दुसऱ्या दिवशी डबा परत आला. बटण दाबलं, आणि मी चष्मा पुसेपर्यंत माझ्या साड्या पडद्यावर! कर्र-टकही नाही.

"बघा!" मी म्हटलं. "नवी डिस्क न घेता झालं की नाही? सांगा आता!"

"झालं की," काका म्हणाले. चहा संपवला आणि गेले.

मी हे बिल्डिंगभर सांगितलं. नवीन डिस्क हे सगळं थोतांड आहे, मी न घेता करून दाखवलं. पुढे एकदा संक्रांतीचा तिळगूळ द्यायला वर गेले. काका कंप्युटरसमोर हाताची घडी घालून बसले होते. पडदा काळा.

"काय हो, बटण दाबलं की उभा राहणार होता ना तुमचा?"

"माझी सकाळ लांब असते, सुरेखाताई. तुमची आखूड."

माझी खात्रीच पटली. ज्या डिस्कचं इतकं कौतुक, ती यांच्याच घरी चालत नाही. हेसुद्धा मी खाली येऊन सांगितलं.

या उन्हाळ्यात काका झोपेतच गेले. मंजिरी घर रिकामं करायला आली. "मावशी, बाबांचा कंप्युटर घेता का? फार हळू चालतो, नाहीतर भंगारात देते." उघडून बघितल्याशिवाय मी काही घेत नाही. आधी बटण दाबलं. आतून आवाज आला, कर्र-टक, कर्र-टक. कंप्युटर बंद केला आणि झाकण काढलं. आत डिस्कवर सुकून काळपट पडलेलं कुंकवाचं बोट होतं. माझं बोट.

घरी येऊन माझा डबा उघडला. आत एक चपटी डिस्क, कुंकवाचा डागही नसलेली. तिच्यात काहीही फिरत नव्हतं.

मी तशीच वर गेले. "मंजिरी, तुला हे ठाऊक होतं?"

ती खाली बघत म्हणाली, "फोनवर बोलले होते बाबा. सुरेखाताईंना सांगू नकोस म्हणाले, भाव करत बसतील."

मी भाव करणारच होते! त्यांनी एक म्हटलं असतं, मी अर्धं म्हटलं असतं, दोघं भांडलो असतो, आणि ती डिस्क माझी झाली असती. आता ती माझ्या घरात आहे आणि माझी नाही. रोज सकाळी बटण दाबलं की कंप्युटर एका क्षणात उघडतो, आणि मी वर बघते.

हंसाबेन काल सांत्वनाच्या सुरात म्हणत होत्या, "काका देव माणस हता." मी तिथेच त्यांना धरलं. भाजीच्या गाडीपाशी हा देवमाणूस कुठे गेला होता? त्यांच्या घरचा कंप्युटर काकांनी किती वेळा नीट केला, एकदा तरी कुणी दलाली खाल्लेली पाहिली होती? मी म्हटलं आणि सगळ्यांनी मान डोलावली. एकीनेही "सुरेखाबेन, खोटं आहे हे" म्हटलं नाही. त्यांनी उत्तर द्यायला हवं.

आणि लिमये काका, तुम्हीसुद्धा. भाव न सांगता माल गळ्यात मारलात. मी पार्किंगमध्ये काय बोलते ते तुम्हाला वर ऐकू येत होतं, तुमची खिडकी त्याच बाजूला होती. तरी "झालं की" म्हणालात आणि मला तेच बोलत राहू दिलंत. एकदा खाली उतरून माझ्याशी भांडायला तुमचं काय जात होतं? सांगा.