नळमावशीची फेरपरीक्षा

रुग्णालयातले नळ अकरा वर्षं सांभाळूनही नळमावशी रोजंदारीवरच राहिली होती. आता जागा कायम होणार होती. अट एकच, सरकारी कौशल्य प्रमाणपत्र हवं. महिनाअखेरपर्यंत ते आणलं नाही, तर तिच्या जागी कुणीतरी कागदवाला येणार होता.

कामावरच शिकलेल्यांना वर्गात न बसता थेट परीक्षा देता येते. प्रशिक्षण केंद्र जागा आणि सामान देतं, परीक्षक मात्र बाहेरचा. आपलीच पोरं आपणच पास करायला नकोत ना! तो तक्ता घेऊन उभा राहतो आणि एकेका पायरीवर खूण करतो.

इतर उमेदवार टेप शोधत होते, तेवढ्यात मावशीने पाईपवर दोनदा वीत टेकवली, करवत चालवली, आटे पाडले, जोड आवळला. पाणी सोडलं. थेंब नाही. हात पुसून बाई चहाला निघाल्या.

"मावशी, मोजमाप कुठे केलंत?" परीक्षकाने विचारलं.

"तुमच्या डोळ्यांदेखत केलं की!"

"टेप लावलेली दिसली नाही. दिसतं तेवढंच मी लिहितो. संरक्षक चष्माही नव्हता."

"अहो, पाईप कापत होते, कांदा नव्हे."

जोडाला पैकीच्या पैकी. मोजमाप आणि सुरक्षेला भोपळा. नापास. त्यातल्या त्यात बरं एवढंच, की अडलेला भाग आठ दिवसांनी पुन्हा देता येत होता.

घरी सुनेने मावशीला मिळालेली तक्त्याची प्रत ताब्यात घेतली. सासूला शिकवायची संधी काय रोज येते? तिने ती पुरेपूर वसूल केली, असं शेजारीण सांगते, आणि तिचा कान भिंतीलाच असतो.

"आई, आधी चष्मा. मग टेप. आणि आकडा मोठ्याने."

"कुणाला सांगू? पाईपाला?"

"मला बोलता ना, तसंच. दणकून."

फेरपरीक्षेत मावशी "चाळीस सेंटिमीटर!" अशी गरजली, की शेजारचा उमेदवार दचकला. खूण झाल्यावर सवयीने तिने वीतही टेकवून पाहिली. दोन विती अर्धा सेंटिमीटर कमी भरल्या. पुन्हा टेकवल्या. तेच.

"तुमची टेप चुकतेय."

"टेप कालच आलीय, मावशी."

बोटं मात्र पन्नाशी ओलांडून आखडली होती. मावशीने एकदा हाताकडे पाहिलं आणि गुमान टेपच्या खुणेवर करवत धरली. घरी याबद्दल चकार शब्द काढला नाही. परीक्षकाने पाहिलं, म्हणून तर चार जणांना कळलं.

चार दिवसांनी निकाल लागला. पास! दोनच गुण कापले होते, कारण चष्मा होता, पण कपाळावर.

रुग्णालयाच्या कारकुनाने प्रमाणपत्राची झेरॉक्स घेतली, शिक्का मारला आणि सहीसाठी कागद पुढे सरकवला. गुण त्याने विचारलेच नाहीत. मावशीने सांगितले. शिवाय ते दोन कसे अन्यायाने गेले तेही, पेन हातात धरून, मागची रांग कुरकुरायला लागेपर्यंत. मग सही केली.