नारळ, पण टाइपरायटरच्या फॉन्टमध्ये

मंडळी, आज आमच्या गुडगावच्या ऑफिसात काही जणांना नारळ मिळाला.

पत्रांचं डिझाइन माझ्याकडे. बॉस म्हणाला, "यार, फार कोरडी दिसतात. तो जुन्या टाइपरायटरचा फॉन्ट टाक. मी स्वतः बसून टाइप केल्यासारखी वाटली पाहिजेत."

टाकला. फिकट शाई, किंचित वर चढलेलं अक्षर, सगळं त्यात आयतंच मिळतं.

दुपारी अकाउंट्सच्या कुलकर्णी मॅडम रडत पत्र दाखवायला आल्या. "नोकरी गेली गं, पण सरांनी माझ्यासाठी स्वतः टाइप केलंय. इतक्या वर्षांचं चीज झालं."

मग मला घेऊन केबिनमध्ये आभार मानायला गेल्या. बॉस म्हणाला, "इतना तो बनता है, मॅडम." आणि त्यांच्यामागे उभ्या असलेल्या मला त्याने डोळा मारला.

तुम्ही तिथेच तोंड उघडलं असतं का? मी पुढच्या यादीसाठी तोच फॉन्ट सेव्ह करून घरी आले.