घर आपलं, कुलूप चोराचं

खंडेनवमी आली की आजही मला सिंदी मेघेतलं एक घर आणि त्या घरातला संगणक आठवतो. नोकरीत खून पाहिले, दरोडे पाहिले, त्यांतले बरेचसे विसरूनही गेलो. हे प्रकरण मात्र डोक्यातून जात नाही. यात रक्त नव्हतं की फुटलेलं कुलूप नव्हतं. उलट कुलूप चोरानेच लावलं होतं. नावं कुणाचीच देत नाही, त्याची गरजही नाही.

दोन हजार सालानंतरची ती पहिली काही वर्षं. घरी संगणक म्हणजे आमच्याकडे अजून अप्रूप होतं, आणि इंटरनेट टेलिफोनच्या तारेतून कुरकुरत यायचं. ठाण्यात आम्ही पंचनामे हातानेच लिहीत होतो. अशा ठाण्यात एके सकाळी एक प्राध्यापक बाई पतीसोबत आल्या आणि म्हणाल्या, "साहेब, माझ्या फायली कोणीतरी कुलूपबंद केल्या आहेत. किल्लीचे पैसे मागतात."

ठाणे अंमलदाराने पेन खाली ठेवलं. त्याला वाटलं, कपाट असेल.

मी बाईंना बसवलं आणि सावकाश सांगायला लावलं. त्या हिंगणीकडच्या गावांत फिरून म्हाताऱ्या सुईणींच्या तोंडून बाळंतपणाचं जुनं ज्ञान गोळा करत होत्या. टेपरेकॉर्डरवर बोलणं भरायचं, घरी संगणकावर उतरवायचं, आणि त्याच कॅसेटवर पुढच्या बाईचं बोलणं भरायचं. कॅसेट वाया कशाला घालवायची, हा आपला सगळ्यांचा जुना हिशेब. बऱ्याच सुईणी तोवर वारल्याही होत्या. म्हणजे त्यांचे शब्द आता त्या एका डब्यात होते, आणि डबा उघडत नव्हता. एकच फाईल तेवढी उघडत होती. तीत इंग्रजीत लिहिलं होतं की फायली हव्या असतील तर पैसे पाठवा, मग उलगडायचं साधन मिळेल.

"दुसरी प्रत?" मी विचारलं.

"होती ना. डी ड्राइव्हमध्ये. तीही गेली."

तेव्हा सगळ्यांचा असाच समज होता की डी ड्राइव्ह म्हणजे तिजोरी. एकाच घराच्या दोन खोल्या त्या. चोर एकीत शिरला की दुसरीत जायला त्याला कितीसा वेळ? हे मलाही नंतरच कळलं.

त्या काळी अशा गुन्ह्याचा तपास उपअधीक्षक दर्जाच्या अधिकाऱ्याकडे असे. कागद त्यांच्याकडे गेले, धावपळ माझ्याकडे राहिली. नोकरीत नेहमी असंच व्हायचं.

संशय कुणावर, हा आमचा ठरलेला प्रश्न. बाईंच्या पतीने लगेच बोट दाखवलं. त्यांचा संगणक दुरुस्त करणारा आर्वीचा एक माणूस होता, बसस्टँडजवळ त्याचं छोटं दुकान होतं. त्या मशीनला त्याच्याशिवाय कुणी हात लावत नव्हतं. दोन दिवसांत आमच्या खबऱ्यानेही तेच नाव आणलं. "साहेब, तो नवी मोटरसायकल फिरवून राह्यला. पैसा कुठून आला?" खबऱ्यांचं असंच असतं. ज्याच्यावर साहेबांचा डोळा, त्याच्याकडेच त्यांना नवी गाडी दिसते.

त्याला बोलावून घेतलं. तिशीचा, लग्न झालेला माणूस. खिशात स्क्रू ड्रायव्हर तसाच होता. मोटरसायकल मेहुण्याची निघाली, कागदही मेहुण्याच्या नावाचे. मी त्याला समोर बसवलं आणि तेच तेच प्रश्न उलटसुलट विचारत राहिलो. खोटं बोलणारा माणूस दर वेळी गोष्ट थोडी सुधारून सांगतो. हा दर वेळी तेवढंच सांगत होता आणि दर वेळी जास्त घाबरत होता.

"मशीनमध्ये काय घातलंस?"

"मी काहीच नाई घातलं साहेब. मॅडमले एक मेल आला होता, नोकरीचा अर्ज म्हणून. त्याले जोडलेली फाईल त्यायनं उघडली. त्यातूनच शिरलं."

"मग अँटीव्हायरस काय करत होता?"

"तो मीच बंद केलता. मशीन हळू चालते म्हणून घरचे वरडून राह्यले होते. मंग मी बंद करून देल्ला."

चौकीदार खोकतो म्हणून त्याला घरी पाठवला, असा हा प्रकार. पण मूर्खपणा हा गुन्हा नव्हे, नाहीतर अर्ध्या जिल्ह्याला आत घालावं लागलं असतं. मी विचारलं, आता काही करता येईल का? तो म्हणाला, व्हायरस काढता येईल, सगळं पुसून मशीन नव्यानं भरता येईल. पण फायली बंदच राहतील. चोर घराबाहेर निघेल, कुलूप त्याचंच राहील. पैसे भरण्याबद्दल विचारलं तर म्हणाला, "ज्यानं कुलूप लावलं तो किल्ली देईनच, हे कोन सांगावं?" एवढं मला संगणक न शिकताही पटलं. खंडणी भरलेल्या माणसाकडे खंडणीखोर पुन्हा येतो, हे मी पाहिलेलं होतं.

मी थकलो होतो. जायला सांगायच्या बेतात होतो, तेवढ्यात त्याने स्वतःशीच कपाळाला हात लावला.

"साहेब, पूजेतली सीडी पाह्यली का?"

"कसली पूजा?"

"नवमीची. त्यायच्या सासूबाई म्हणत, घरातलं अवजार पूजेत ठेवाच लागते, त्या दिवशी चालवाचं नाई. मॅडमले काम होतं, मशीन बंद ठेवता येत नव्हती. मंग मी म्हटलं, सगळं काम सीडीत उतरवून देतो, मशीनच्या बदल्यात सीडी ठेवा पूजेत. मीच लिहून देल्ली."

जीप काढली आणि त्याला घेऊनच सिंदी मेघेला गेलो. त्याला पाहताच बाईंचे पती चिडले. सासूबाईंना मी विचारलं, "आजी, दसऱ्याला पूजेत एक चकती ठेवली होती, आठवते?"

"आठवते ना. देवघराच्या फडताळात हाय. पूजेतली वस्तू कोनी फेकते का?"

बाई ती सीडी साफ विसरून गेल्या होत्या. त्यांच्या लेखी ती सासूच्या समजुतीसाठी केलेली गोष्ट होती. सीडी निघाली ती लाल कपड्यात गुंडाळलेली, आणि हळदकुंकू नेमकं चमकत्या बाजूला, जिथून मशीन वाचते. आजींचं म्हणणं, देवाचं तोंड चमकते त्या बाजूनंच असाचं.

दुरुस्तीवाल्याने ती मऊ कापडाने पुसली, मधून काठाकडे, गोल न फिरवता. आधी मशीन पूर्ण धुऊन नवी भरली, मगच सीडी आत घातली. लिहिलेल्या सीडीवर कुणालाही पुन्हा लिहिता येत नाही, म्हणून ती वाचेल, असं तो सांगत होता. आम्ही सगळे पडद्याकडे बघत उभे होतो. फायली उघडल्या. बाई रडल्या, आजींनी पदर डोळ्यांना लावला.

पण सीडी दसऱ्याच्या आदल्या दिवसापर्यंतची होती. त्यानंतर बाईंनी हिंगणीच्या सगळ्यांत म्हाताऱ्या सुईणीला बोलतं केलं होतं. तिची कॅसेट पुन्हा भरली गेली होती, आणि ती स्वतः दिवाळीनंतर वारली होती. तिचं बोलणं गेलं ते गेलंच.

आरोपी सापडला नाही. तो कोणत्या देशात बसला होता, हेही कधी कळलं नाही. गुन्हा 'अ' समरीत निघाला, म्हणजे खरा, पण उघडकीस न आलेला. बाईंनी त्या कागदावर काही न विचारता सही केली. आम्ही पोलीस चोर जवळचाच धरून चालतो. मोलकरीण, नोकर, दुरुस्तीवाला. एरवी ते बरंचदा खरं निघतं, पण इथे चोर सोडून संन्याशाला फाशी व्हायची वेळ आली होती. त्या प्रकरणाने मला एवढं शिकवलं की काही चोरांना गावच नसतं. त्यांच्यामागे धावून पाय दुखतात, हाती काही लागत नाही. जे वाचतं ते आधी बाजूला काढून ठेवलेलंच वाचतं, तारेला न जोडलेलं. लोकांना हे सांगून मी दमलो. ते हो म्हणतात आणि घरी जाऊन पुन्हा डी ड्राइव्हमध्येच ठेवतात.

पुढच्या खंडेनवमीला ठाण्यात रायफली पुसून मांडल्या होत्या. बाई आल्या. हातात एक सीडी होती.

"साहेब, एक प्रत घराबाहेर असू द्या, असं तो दुरुस्तीवाला म्हणतो. तुमच्याकडे ठेवाल?"

हवालदाराने ती रायफलींच्या शेजारी ठेवली आणि कुंकवाचं बोट उचललं.

"चमकत्या बाजूला नको," मी म्हणालो.

मग बाईंना विचारलं, "त्या हिंगणीच्या म्हातारीचं यात काही आहे का?"

"एकच वाक्य. तेवढंच आठवलं, ते लिहून ठेवलं. आता प्रत काढल्याशिवाय कॅसेट पुसत नाही, ते त्याच वाक्यामुळे."

"काय म्हणाली होती?"

बाईंनी ते तिच्याच बोलीत सांगितलं. "नाळ आधी बांधाची, मंग कापाची. घाई केली का जीव जाते."