सडकी बोट आणि दहा लिटर फोम

एकतीस वर्षं शाळेत विज्ञान शिकवून मी निवृत्त झाले आणि तिसऱ्या महिन्यात एक सडकी बोट विकत घेतली.

आम्ही पेणला रामवाडीत राहतो. माझ्या वयाच्या बायका निवृत्तीनंतर भजनी मंडळात जातात, गुडघ्यांना तेल चोळतात, फार तर पोह्याचे पापड लाटायला घेतात. बोट कुणी घेत नाही. मीही घेतली नसती, पण त्याच आठवड्यात रोह्याहून माझ्या भावजयीचा, मंदाचा फोन आला होता.

"आक्का, ह्यांना कायतरी काम सांगा," ती म्हणाली. "सकाळी खिडकीत बसतात ते संध्याकाळी उठतात. काय बघता म्हणून विचारलं, तर म्हणतात, काय नाय."

विलास माझा धाकटा भाऊ. धाटावच्या एका कंपनीत मेंटेनन्सला फिटर होता. सव्वीस वर्षं शिफ्ट केल्या आणि चोपन्नाव्या वर्षी कंपनीच बंद झाली. हाताचं काम गेलं, आणि हळूहळू बोलणंही गेलं. मी दोनदा जाऊन त्याला समजावून आले. (माझं समजावणं पस्तीस मिनिटांचं असतं आणि मध्ये पाणी प्यायला सोडत नाहीत, असं आमच्या ह्यांचं मत आहे.) दोन्ही वेळा विलासने सगळं ऐकून घेतलं आणि पुन्हा खिडकीकडे तोंड केलं.

अशात पेणजवळच्या जिते गावी एका मैत्रिणीकडे सत्यनारायणाला गेले होते. तिच्या शेजारच्या बंगल्यामागे आंब्याखाली ती बोट पडलेली दिसली. सोळा फुटी, फायबरची, कधीकाळी निळी. मागे इंजिनही होतं, त्यात मुंग्यांनी घर केलं होतं. मी आत वाकून पाहिलं. लाकडी तळ काळा पडला होता. काठीने टोचून बघितलं, तर शिऱ्यात चमचा जावा तशी काठी आत गेली आणि एक बेडूक रागाने बाहेर आला. बाहेरचं कवच मात्र ठोकल्यावर ठणठण वाजत होतं. तो आवाज ऐकून मला का कोण जाणे विलासच आठवला. प्रसाद हातात घेऊनच मी बंगल्याच्या राखणदाराशी बोलले.

"न्या बाई, न्या," तो म्हणाला. "नुसते डास होतात हिच्यात." त्यानेच मालकाला फोन लावून भंगाराच्या भावात सौदा ठरवून दिला.

घरी आल्यावर ह्यांना सांगितलं, "अहो, मी एक वस्तू घेतलीय."

"केवढ्याची?"

"सोळा फुटांची."

हे एसटीत कंडक्टर होते. कशानेही दचकत नाहीत. पेपर खाली न करता म्हणाले, "साडी असेल तर दोन फूट कमी पडेल."

विलासला मी सरळ थाप मारली. म्हटलं, मला आता नदीत फिरायचंय, बोट तुझ्या अंगणात ठेवते.

"आक्का, तुला पोहता येतं?"

"नाही."

"मग?"

"म्हणूनच बोट पाहिजे ना."

त्याने फोन मंदाकडे दिला. पण नाही म्हणाला नाही.

टेंपोने बोट रोह्याला पोचली. मंदाच्या गवारीच्या वाफ्याला लागून उतरवली. विलास खिडकीतून बघत होता. तासाभराने बाहेर आला, दोन्ही बाजूंनी फिरला, बोटाच्या पेराने चार ठिकाणी वाजवून पाहिलं.

"आतनं सगळी सडली हाय."

"मग काढायला लाग."

"मी कशाला? बोट तुझी."

आणि परत आत गेला. तेव्हा मीच पदर खोचला. रोज सकाळच्या गाडीने पेणहून रोह्याला जायचं आणि पहार घेऊन सडकं लाकूड उपसायचं. मला त्यातलं काही येत नव्हतं. पहिल्या दिवशी पहार माझ्या पायाच्या अंगठ्यावर पडली, दुसऱ्या दिवशी गवारीवर. तिसऱ्या दिवशी ती थेट बोटीच्या कवचातून आरपार गेली आणि मला खालची जमीन दिसली.

एवढं मात्र विलासला सहन झालं नाही. शेजाऱ्याचं दुःख बघवत नसलं तरी माणूस गप्प बसतो, पण फिटरला हत्याराचा अपमान बघवत नाही. तो तरातरा आला आणि माझ्या हातातली पहार काढून घेतली.

"पहार अशी धरतात काय गो? आणि भोक कुठं पाडलंस बघ. दे इकडं आणि बाजूला बस."

स्वयंपाकघराच्या दारातून मंदाने माझ्याकडे बघितलं. कित्येक महिन्यांत तो सलग एवढं बोलला नव्हता.

मग काम खरोखर सुरू झालं. सडका तळ निघाला. त्याच्या खाली भरलेला जुना फोम पाणी पिऊन पिऊन इतका जड झाला होता की एकेक घमेलं उचलायला दोघं लागायची. कवच रिकामं, कोरडं झालं. आता नवं फायबर कोण चढवणार? तेव्हा मला जोहे गावचा नीलेश आठवला. तो माझा जुना विद्यार्थी. त्याचा गणपतीचा कारखाना आहे आणि मूर्तींचे फायबरचे साचे तो स्वतः बनवतो. मी फोन केल्यावर लगेच मोटरसायकलला डबे बांधून हजर झाला.

"बाई, ओळखलंत ना? नववी ब. रसायनात तुम्ही मला अकरा मार्क दिले होते."

"चाळीसपैकी," मी म्हटलं. (शिक्षकाने अशा वेळी गप्प बसावं, हे मला निवृत्तीनंतरही जमलेलं नाही.)

नीलेशने मनावर घेतलं नाही. रेझिनमध्ये ते घट्ट करणारा हार्डनर जास्त पडला तर डब्यातच दगड होतो, कमी पडला तर आठ दिवस चिकट राहतं, हे त्याने विलासला करून दाखवलं. दोघांनी मिळून माझं भोक बुजवलं, आतून लाकडी पट्ट्या बसवल्या आणि त्यावर पाण्यात टिकणाऱ्या मरीन प्लायचा नवा कोरा तळ स्क्रूने आवळला. राहिला तो फोम. दोन डब्यांत दोन पातळ द्रव येतात. ते एकत्र ढवळून तळाला मुद्दाम ठेवलेल्या भोकांतून खाली ओतले की फुगतात आणि घट्ट होतात. मग बोटीत पाणी शिरलं तरी ती तरंगत राहते.

"पण बाई, मी आल्याशिवाय ओतू नका," जाताना नीलेश म्हणाला. "थोडा थोडा ओतायचा असतो. मी पुढच्या रविवारी येतो."

मी बरं म्हटलं. पण मला घाई झाली होती, आणि खरं सांगायचं तर अकरा मार्कांचा मुलगा मला रसायन शिकवतो आहे, हेही जरा लागलं होतं. म्हणून मी त्याच्या आधीच्याच रविवारी ह्यांना सोबत घेऊन रोह्याला गेले. कागद-पेन्सिल काढली. लांबी, रुंदी, उंची. तळाखाली सव्वाशे लिटरची पोकळी. फोम पंचवीस पट फुगतो, म्हणजे लागणार पाच लिटर. उत्तराखाली दोन रेघा मारल्या.

"आक्का, त्याची वाट बघूया काय?" विलास म्हणाला.

"विलास, मी हे एकतीस वर्षं शिकवलंय."

मग मी ह्या डब्यातले पाच लिटर घेतले, त्या डब्यातले पाच लिटर घेतले, विलासला ड्रिलने ढवळायला लावलं आणि सगळं एकदम ओतलं.

अर्धा मिनिट काही झालं नाही. मी ह्यांच्याकडे वळून म्हटलं, "बघा, किती सोपं असतं."

तेवढ्यात बोट कुरकुरली. भोकांतून पिवळा फोम वर आला, उतू जाणाऱ्या दुधासारखा, फक्त इथे बंद करायला गॅस नव्हता. मग एक स्क्रू सुटून ह्यांच्या कानाजवळून गेला आणि नवा तळ मधोमध उचलायला लागला.

"बसा सगळे वर!" मी ओरडले. "दाबून धरा."

मी, विलास, मंदा आणि हे अशी चौघं चढून तळावर मांडी घालून बसलो. तळ थांबला नाही. आम्हाला घेऊन वर निघाला. तो इतका सावकाश आणि एकसारखा वर येत होता की ह्यांनी सवयीने वर हात करून दांडी शोधली.

कुंपणापलीकडे शेजारचे काका झाडांना पाणी घालत होते. ते नळी हातात घेऊन बघत राहिले.

"कुठं निघालात सगळे?"

"अलिबाग," हे म्हणाले. "जागा आहे, या."

"आक्का, माझी साडी अडकली," मंदा म्हणाली. तिचा पदर एका भोकात गेला होता आणि फोम त्यावर कडक व्हायला लागला होता. मी ओढायला गेले, तर माझा हात चिकटला. ह्यांनी पाय वर घेतले ते चपलांशिवाय. चपला तळाच्याच झाल्या होत्या. आणि त्या गडबडीत माझं लक्ष विलासकडे गेलं. तो डोकं गुडघ्यांत घालून थरथरत होता. मी मोकळ्या हाताने त्याचा खांदा हलवला.

"विलास, काय होतंय तुला?"

त्याने मान वर केली. डोळ्यांतून पाणी वाहत होतं. त्याला हसू आवरत नव्हतं. बोलायला जायचा, ह्यांच्या चपलांकडे बघायचा आणि पुन्हा खाली वाकायचा. मग मंदालाही फुटलं. ती एका हाताने पदर धरून हसत होती आणि दुसऱ्या हाताने डोळे पुसत होती.

शेवटी काकांनी कात्री आणून दिली. मंदाचा अर्धा पदर कापला. माझ्या हाताची साल तीन आठवड्यांनी पूर्ववत झाली. तळ मात्र कासवाच्या पाठीसारखा वर येऊन घट्ट बसला होता. महिनाभराचं काम एका दुपारी वाया गेलं, आणि तेही माझ्यामुळे.

त्या दिवशी आम्ही तिथेच राहिलो. मला झोप लागेना. आता हा उद्या उठून पुन्हा खिडकीत बसणार, हेच डोक्यात फिरत होतं. सकाळी जाग आली ती करवतीच्या आवाजाने. बाहेर आले, तर विलास बोटीत उभा राहून फोम कापत होता. बाजूला चहाचा रिकामा कप.

"उठलीस?" तो म्हणाला. "ते फावडं घे. पण लांबनंच."

पुढच्या रविवारी नीलेश आला. उरलेल्या फोमकडे, मग माझ्याकडे बघून त्याने हळूच विचारलं, "बाई, किती घेतला होता?"

"पाच लिटर."

"दोन्ही मिळून?"

मी फावडं उचललं. विलास म्हणाला, "प्रत्येकी."

नीलेश माझ्यासमोर हसला नाही. शाळेतला धाक होता. तो बोटीच्या पलीकडच्या बाजूला गेला, खाली बसला आणि तिथे हसला.

त्यानंतर मापाचं काम माझ्याकडे राहिलं नाही; तळ पुन्हा बसवून फोम त्या दोघांनीच थोडा थोडा ओतला. मी चहा केला, सँडपेपर मारला आणि पाऊस लागल्यावर बोटीवर ताडपत्री बांधली. पावसाळाभर विलास पडवीत ते इंजिन उघडून बसला होता. येणारे जाणारे थांबून बघायचे. कुणीतरी बिघडलेला पाण्याचा पंप आणला. मग खाडीकडचा एक मच्छीमार त्याचं इंजिन घेऊन आला आणि दुसऱ्या आठवड्यात आणखी दोघांना घेऊन आला. मंदाने खिडकीतली खुर्ची उचलून पडवीत नेऊन ठेवली, पण बसायला वेळ कुणाला होता?

कागदपत्रं होऊन दसऱ्यानंतर आम्ही बोट पाण्यात घातली. भरतीचं पाणी होतं, इंजिन दुसऱ्या झटक्याला लागलं. विलास पाठीमागे, मी पुढे. तासभर कुंडलिकेच्या पात्रात फिरलो. दोन्ही काठांना भातं पिकत आली होती. विलास मध्येच वाकून तळावर हात फिरवायचा आणि म्हणायचा, "सुकी हाय गो, एकदम सुकी." मी पुढे तोंड करून बसले होते, म्हणून त्याला माझा चेहरा दिसला नाही. तेच बरं झालं.

परत येईपर्यंत ओहोटी लागली होती. धक्क्यावर मंदा, हे, नीलेश आणि दहाबारा अनोळखी माणसं उभी होती. मला वाटलं, एवढी मंडळी जमली आहेत तर जरा रुबाबात उतरावं.

"आक्का, थांब, दोरी बांधूदे," विलास म्हणाला.

मी लोकांना हात हलवत पाय टाकला. बोट मागे सरकली, धक्का पुढे राहिला आणि मी मधल्या चिखलात गुडघ्यांच्या वरपर्यंत सरळ उभी गेले. मासळीची पाटी घेऊन बसलेली एक म्हातारी म्हणाली, "हलू नको गो बाय, हललीस का आनखी जाशील." मी हलले नाही. हात तेवढा हवेत होता, तो खाली घेतला.

विलास दोरी बांधत होता. बाजूला उभ्या असलेल्या एका माणसाने बोटीवरून हात फिरवला आणि विचारलं, "झकास झालीय हो. मालक कोण?"

विलासने मान वर करून माझ्याकडे बोट दाखवलं.

"ती काय, चिखलात उभी हाय ती."