गंधकाची पिवळी मांजरं

पिपरी मेघेत सुलोचनाबाईचं नाव निघालं की लोक आधी तिच्या हाताबद्दल बोलत. तो हात फार लवकर उठायचा. भाजीवाल्यानं काटा मारला तर तराजू उलथा व्हायचा, आणि कुणी पाठीमागं शब्द टाकला तर त्याच्या थोबाडावर बोटं उमटायची. "बाई नोहे, वीज हाय," असं म्हणत बायका तिच्यासाठी रस्ता सोडून उभ्या राहत.

माहेर तिचं पवनारचं. बाप धाम नदीच्या रेतीत टरबुजांच्या वाड्या लावायचा. लग्न करून दिलं सिंदी मेघेच्या तानबाला. तानबा बंडी हाकायचा, आणि बैल हाकायच्या तुतारीनंच बायकोलाही हाकायचा. त्या काठीच्या टोकाला लोखंडी आर होती. सुलोचनेच्या पाठीवर, पोटऱ्यांवर त्या आरेचे डाग होते. बंडीच्या घुंगरांचा आवाज गल्लीत आला की ती चुलीपाशी अंग चोरून बसायची. एके दिवशी भाकर करपली म्हणून त्यानं तुतारी उगारली, तेव्हा ती पाट्यावर मिरची वाटत होती. हातातला वरवंटा तिनं तसाच फेकून मारला. तानबाच्या खांद्याचं हाड काडकन मोडलं. सासू छाती बडवत बाहेर धावली. सुलोचना मिरचीनं माखलेल्या हातांनीच घराबाहेर पडली ती पुन्हा त्या उंबऱ्याला शिवली नाही.

पिपरी मेघेच्या वेशीबाहेर तेव्हा एक पांजरपोळ होता. तिथं लंगडे बैल, आंधळ्या गाई, टांग्यातून काढलेले म्हातारे घोडे मरेपर्यंत राहायचे. व्यवस्थापक लक्ष्मणराव म्हणजे काडीसारखा माणूस, स्वभावानं भित्रा पण मनाचा चांगला. त्यांनी तिला शेणगोठ्याचं काम दिलं, राहायला खोली दिली. पुढं जवळची जिनिंग फॅक्टरी बंद पडली. तिथं सरकीवरच्या उंदरांसाठी मांजरं पाळलेली होती, ती उघड्यावर आली. पांजरपोळातही ढेपेच्या पोत्यांना उंदीर लागलेच होते. लक्ष्मणरावांनी मांजरं आणवली आणि ती सुलोचनेच्या वाट्याला आली.

आणीबाणी उठून दोनेक वर्षं झाली असतील. एका भुऱ्या मांजरीच्या कानाच्या कडेचे केस झडले. नंतर तिच्या पिल्लांच्या तोंडावर गोल, राखाडी, खवल्यांचे चट्टे आले. सुलोचनेला वाटलं, बोक्यांची भांडणं झाली असतील. मग तिच्याच मनगटावर लाल कडं उमटलं. इतकं खाजायचं की ती रक्त निघेस्तोवर खाजवायची.

गुरांच्या दवाखान्यातले डॉक्टर घनश्यामजी आले. त्यांनी पिल्लू उजेडात धरलं आणि म्हणाले, "हे गजकर्ण आहे, बाई. मांजराचं माणसाले लागते, माणसाचं मांजराले. एकेक केस झडतो न, त्याच्यातही रोग राह्यते."

"मंग आता?"

"तीन खोल्या करा. रोगट वेगळे, संशयाचे वेगळे, चांगले वेगळे. काम चांगल्यांपासून सुरू करा, रोगट सगळ्यात शेवटी. त्यायच्या खोलीतून निघाल्यावर लुगडं बदला. बसायची पोती जाळा, भिंती ब्लिचिंगनं धुवा. अन् चुना-गंधक उकळून, पाणी घालून पातळ करून आंघोळ घाला. दर आठवड्याले."

सांगणं सोपं होतं. पण मांजर काही राजीखुशीनं आंघोळ करत नाही. अंगणात तीन दगडांवर लोखंडी कढई चढायची, चुना आणि गंधक रटरटायचे, सडक्या अंड्यांचा वास पार रस्त्यापर्यंत जायचा. लाल झालेलं पाणी निवळून, बादलीत पातळ करून, कोमट झालं की सुलोचना हातांना तरट गुंडाळून एकेकाची मान धरायची. गुरगुरणं, फिस्कारणं, नखं, दात, सगळं एकदमच. तरट फाटून कातडीत नखं रुतायची आणि त्या जखमांत गंधक उतरला की तिच्या तोंडून अशा शिव्या निघायच्या की लक्ष्मणराव कचेरीचं दार लावून घ्यायचे. आंघोळ झालेली मांजरं हळदीच्या अंगानं उन्हात बसून तिच्याकडं खुनशी नजरेनं बघायची.

एकदा एका काळ्या बोक्यानं तिच्या अंगठ्यात दात रुतवले ते सोडेच ना. सुलोचनेनं त्याला झटकलं आणि भिंतीवर आपटलं. बोका उठला, लंगडत कोपऱ्यात गेला. त्यानंतर तिची पावलं वाजली की तो पोट जमिनीला टेकवून, कान पाडून बसायचा. तिनं ते बघितलं. असं अंग चोरून बसणं तिला चांगलं ठाऊक होतं. त्या दिवसापासून किती ओरबाडलं, किती चावलं तरी त्या खोल्यांमध्ये तिचा हात उठला नाही. माणसांवर मात्र पूर्वीसारखाच उठत राहिला.

महिन्या-दोन महिन्यांत चट्टे कोरडे पडले, नवी लव दिसू लागली. पण त्याच सुमारास गावातल्या पोरांच्या डोक्यांवर टकलाचे गोल दिसायला लागले. मोतीलाल नावाच्या शेतकऱ्याची मुलगी जिजा, तिच्या मानेवर आणि डोक्यात एवढाले चट्टे उठले. तिचं डोकं भादरलं, तेव्हा शाळेतली पोट्टी तिच्यामागं ओरडत फिरली आणि ती घरात कोंडून बसली.

मोतीलाल पांजरपोळात आला. अंगानं दांडगा गडी, रागानं लाल झालेला.

"लक्ष्मणराव, मांजरं मारता का नाई?"

लक्ष्मणराव चाचरले. सुलोचना मध्ये आली. "काऊन माराची? बरी होऊन राह्यली ना ती. अन् तुही पोरगी इथं कधी आलीच नाई, तिले आमच्या मांजराचं लागन कसं?"

"हवेतून येते रोग! वास येते ना गावभर!"

"वास दवाईचा हाय, रोगाचा नोहे."

"तू बायामाणूस हायस म्हणून आयकून घेतलं," मोतीलाल म्हणाला. "पोळा होऊ दे."

पोळा झाला. दुसऱ्या दिवशी सकाळी गावातून मारबत, म्हणजे रोगराईची बाहुली, निघते. दाराशी ठेवलेल्या पळसाच्या फांद्या घेऊन लोक वेशीकडं जातात आणि गावातली रोगराई घेऊन जा म्हणून मारबतीला ओरडून सांगतात. त्या सकाळी घोळका वेशीवर थांबला नाही. आंघोळीचा दिवस होता, कढई चुलीवर होती. सुलोचनेला आधी आरोळी ऐकू आली.

"गजकर्ण घेऊन जा गे मारबत!"

फाटकापाशी लक्ष्मणराव हात जोडून उभे राहिले. कुणीतरी त्यांना ढकललं, धोतर सावरत ते पोलीस ठाण्याच्या दिशेनं पळाले. माणसं आत घुसली. कुणाच्या हातात काठ्या, कुणाच्या हातात पोती, आणि पुष्कळांच्या तोंडाला आदल्या दिवशीच्या दारूचा वास. रोगट मांजरांच्या खोलीचं दार एका लाथेत आत गेलं.

पुढं जे झालं ते सुलोचनेनं डोळ्यांनी बघितलं. पिवळी मांजरं भिंतीवर चढायची, खाली घसरायची आणि काठीखाली यायची. पोत्यांत भरून वरून बडवलं जात होतं. मांजराच्या गळ्यातून लहान पोराच्या रडण्यासारखा आवाज निघतो, तो आवाज अंगणभर भरला आणि एकेक करत कमी होत गेला. ती खराटा घेऊन तुटून पडली. एकाचं नाक फुटलं, एकाच्या डोळ्यात काड्या गेल्या. मग मागून काठी आली आणि तिच्या उजव्या कोपराखाली हाड मोडलं. खराटा गळून पडला.

मोतीलाल त्या काळ्या बोक्याला मागच्या पायांनी धरून बाहेर आला. बोका वळून त्याच्या मनगटाला चावत होता. मोतीलालनं त्याला गोल फिरवून कढईजवळच्या, गुरं बांधायच्या दगडी खांबावर आपटलं. एकदा आपटलं, मग पुन्हा.

सुलोचना कढईपाशी उभी होती. उजवा हात लोंबत होता. तिनं कढईच्या कडेला पाय लावला आणि सगळं अंग रेटून ती मोतीलालच्या दिशेनं उलथी केली.

उकळता गंधक त्याच्या गुडघ्यांपासून खाली ओतला गेला. तिच्याही पायावर सांडला, पण ते तिला नंतर कळलं. मोतीलाल जनावरासारखा ओरडत लोळायला लागला. ती किंकाळी ऐकून घोळक्याचं अवसान गेलं. पोती तिथंच टाकून माणसं फाटकातून पसार झाली. त्याला उचलायला मागं दोघंच राहिले.

"अजून कोणाले यायचं हाय?" सुलोचना ओरडत होती. "या! या ना रे!" पोलीस आले तेव्हा अंगणात कुणीच नव्हतं, तरी ती ओरडतच होती.

दोघांनाही एकाच दवाखान्यात नेलं. मोतीलालच्या पायांना चिकटलेल्या धोतराबरोबर त्याची कातडी सोलून निघाली. त्याचं कण्हणं बायकांच्या खोलीपर्यंत यायचं. सुलोचनेला त्याची दया आली नाही. दोन्हीकडून फिर्यादी झाल्या. लक्ष्मणरावांनी मेलेली मांजरं भिंतीच्या कडेला पुरली आणि दवाखान्यात येऊन सांगितलं, "बाई, चांगल्या मांजरांच्या खोलीचं दार पावसानं फुगलं होतं. लोकायले उघडलं नाई. तथली वाचली." तेव्हा ती पहिल्यांदा रडली.

मांजरं मारली गेली, तरी गावातलं गजकर्ण काही गेलं नाही. दिवाळीनंतर जिजाच्या मानेवर नवे चट्टे आले, तिच्या आईच्या हातावर आले. डॉक्टर घनश्यामजी गाय तपासायला म्हणून मोतीलालच्या गोठ्यात गेले, तर आतल्या अंधाऱ्या कोपऱ्यात एक कालवड बांधलेली. तिच्या डोळ्यांभोवती, मानेवर जाड पांढुरक्या खपल्या. जिजा रोज त्या कालवडीच्या गळ्यात पडून बसायची. मोतीलाल बाजेवर पडून होता. डॉक्टरांनी त्याला सांगितलं, की पोरीला गजकर्ण या कालवडीचं लागलं.

डॉक्टर तिथून पांजरपोळात आले. "बाई, कालवडीले गंधकाचं पाणी लावा लागते. गावात कोणाले जमत नाई, अन् कोणी हातही लावत नाई."

"त्याच्या गोठ्यात?" सुलोचना थुंकली. "मरू द्या कालवड."

डॉक्टर निघून गेले. तिसऱ्या दिवशी वाकडा जुळलेला हात पदराखाली धरून, डाव्या हातात बादली घेऊन ती मोतीलालच्या दारात उभी राहिली. जिजाची आई घाबरून मागं सरली.

मोतीलाल बाजेवर उठून बसला. त्याच्या पायांवर गुलाबी, ताणलेली कातडी चकाकत होती. तो म्हणाला, "बाई, चुकलं माह्यं."

"ते मले सांगू नको. माहा एक हात चालत नाई. कालवडीचं तोंड धर."

तो भिंतीला धरत, दात आवळत गोठ्यात आला आणि त्यानं कालवडीचं तोंड धरलं. कालवड उधळली, खुराचा तडाखा त्याच्या भाजलेल्या नडगीवर बसला. तो कळवळला, पण त्यानं पकड सोडली नाही. सवयीनं त्याची मूठ कालवडीवर उगारली गेली.

"मारायचं नाई," सुलोचना म्हणाली. मूठ खाली आली.

निघताना त्यानं विचारलं, "माफ केलं का?"

"नाई."

फिर्यादी पुढं वर्ध्याच्या कोर्टात बरीच वर्षं रखडल्या आणि शेवटी दोघांना ताकीद देऊन मिटल्या. सुलोचनेचा हात कधी सरळ झाला नाही, मोतीलालचं चालणं कधी नीट झालं नाही. पण त्या हिवाळ्यात ती दर आठवड्याला त्याच्या गोठ्यात जात राहिली. कालवडीच्या खपल्या गळाल्या, जिजाच्या डोक्यावर केस आले. एकदा ती गेली, तर मोतीलालनं स्वतःच चुना-गंधक उकळून, पातळ करून बादली भरून ठेवली होती. तिनं पाण्यात बोट घातलं.

"लय ऊन हाय. पोळन तिले."

"मंग?"

"मंग काय? निवू दे."

गोठ्याच्या उंबऱ्यावर तो एका कडेला बसला, ती दुसऱ्या कडेला. मध्ये बादलीतून वाफ निघत होती. पाणी निवेपर्यंत दोघं बसून राहिले.