तात्यांच्या मापाची बांगडी

हौसाकाकी कासारीण आमच्या कळंबात कधी नीट टेकून बसली नाही. उकिडवी बसायची, एक पाय उठायच्या तयारीत. बांगड्यांच्या माळा खांद्यावर टाकून इंदापुराहून निघायची आणि गावं पालथी घालायची. बाईचा हात हातात घेतला की एकच पालुपद, "हात ढिला सोड. भ्यालेला हात आखडतो, आन् आखडला की बांगडी वाढती." फुटली म्हणायचं नाही, वाढली म्हणायचं.

स्वातंत्र्य येऊन चार-पाच वर्षं झाली असतील. आमच्या विहिरीचं काम चाललं होतं. खडकात सुरुंग भरला, वात पेटवून सगळे लांब बाभळीखाली, काकी आईला बांगड्या भरत होती तिथं पळाले, पण बार काही उडेना. मुकादम शंकरराव माझ्या वडिलांना म्हणाला, "तात्या, उतर आन् बघ."

"जरा थांबू."

"थांबतूस काय? विहीर तुजी. का बांगड्या भरल्यात?"

गडी खदाखदा हसले. तात्यांनी धोतर खोचलं. आई नुकत्याच भरलेल्या हातांनी तोंड दाबून उभी. 'जाऊ नका' म्हणायचं तर चार माणसांत कसं म्हणायचं?

हौसाकाकीनं तात्यांचं मनगटच धरलं. "खाली बस. तुज्या बायकूचा चुडा आत्ता भरलाय मी. माजी मेहनत सांजपातूर तरी टिकू दे."

"काकी, सर बाजूला. बाप्यांचं काम हाय," शंकरराव गुरकावला.

"तुमीच म्हनला न्हवं बांगड्या? मग भरू द्या की!"

गडी आणखी हसले. नांगर धरणारा तो पंजा काकी चोळत राहिली. एक वाढली, दुसरी वाढली. "हात ढिला सोड, दादा." तात्यांचे कान लाल झाले होते. तिसरी चढली आणि विहिरीत बार उडाला. दगड बांधापर्यंत येऊन पडले.

धुरळा बसला. काकी म्हणाली, "शंकरराव, आना हात. माप घेते."

बांगड्या भरून झाल्या की बाया कासारणीला नमस्कार करतात. तात्यांनी वाकून केला.

पुढे मी पुण्याला शिकले. आमच्या घरातली पहिली पदवीधर मी, हे मिरवूनच सांगते. कॉलेजात वादविवाद होता: शौर्य पुरुषाचं मोठं की स्त्रीचं. दोन्ही बाजूंच्या टाळ्या ऐकून मला बसवेना. सुट्टीत काकीला गाठलं. "बार उडणार हे तुला ठाऊक होतं?"

"कुठलं गं! मला भ्या वाटलं. त्याला बी वाटलं हुतं. मी भ्याले तर कोन हसत न्हाय, त्यो भ्याला तर गाव हसतंय. येवढाच फरक."

"आणि आई?"

काकी उठलीच. "तिला भ्या वाटलं तरी चारचौघांत बोलायची चोरी. त्याचं काय करायचं, तू शिकलीस, तू सांग."



काकी गेली तीही वाटेतच, खांद्यावर माळा असताना. तिच्या मयताला तात्या इंदापूरला गेले. त्यांच्या मनगटात हिरवी बांगडी होती. एक वाढली की तिच्याकडून दुसरी भरून घ्यायची, हा त्यांचा तेव्हापासूनचा नेम. कोणी तरी फिदीफिदी हसत विचारलं, "काय तात्या, बांगड्या भरल्यात व्हय?"

"भरल्यात," तात्या म्हणाले. "म्हनून तर हितं हाय."